रॅम्पचं उद्घाटन

तुमी दरवेळी इचारता न, गावच्या सत्काराले मी काऊन येत नाई म्हणून? आयका मंग.

आमच्या बसथांब्यावर रॅम्प झाला. माह्या चाकाच्या खुर्चीसाठीच झाला. दोन वर्षं मी अर्जावर अर्ज करून राह्यलो होतो. उद्घाटनाच्या दिवशी माइकवर माहं नाव पुकारलं. स्टेजले चार पायऱ्या होत्या. चौघांनी मले खुर्चीसकट उचलून वर ठेवलं. शाल देली, नारळ देला, फोटो काढला.

"आता आपल्या भाऊले कोणाच्याच आधाराची गरज नाई!" उद्घाटनाले आलेले साहेब माइकवर बोलले. लय टाळ्या पडल्या. मंग शाळेत जेवण सुरू झालं म्हणून सांगितलं, आन् सारे तिकडं गेले. मी दोन-तीनदा हाका मारल्या, पण भोंग्यावर गाणे सुरू होते. मांडीवर नारळ धरून खालचा नवाकोरा रॅम्प पाहात बसलो. स्टेजवरून मस्त दिसत होता.

घंट्याभरानं मंडपवाला आला आन् खुर्च्या एकात एक घालू लागला. शेवटी माह्यापाशी येऊन म्हणे, "भाऊ, उठा न, तेवढीच खुर्ची राह्यली."

मी अंगावरची शाल बाजूले करून चाक दाखवलं. "हे माह्यी हाय गा, मंडपाची नाई."

तो वरमला. इकडंतिकडं पाह्यलं त्यानं, कोणीच नव्हतं. मंग हळूच म्हणे, "जेवले का भाऊ?"

दिवसभरात माइकशिवाय माह्यासंगं बोललेला तो पयला माणूस.