यंत्र आलं, टेबल कुठाय

तुम्ही बंदुकीचा विषय काढला म्हणून सांगतो. रानडुकरांनी आमची ज्वारी पार झोपवली होती. लायसनची बंदूक होती, पण काडतुसासाठी दरवेळी नांदेड गाठावं लागायचं. म्हणून म्हणलं, रिकामी काडतुसं घरीच भरावीत.

नांदेडच्या दुकानदारानं दोन यंत्रं पुढं ठेवली. एक अडकित्त्यासारखं, हातात धरून दाबायचं. दुसरं लई मोठं, लांब दांड्याचं.

"पटेलसाब, छोटाइच लेव. आपके काम को बस है," तो म्हणाला.

मला छोटं दाखवतो म्हणजे काय? मी मोठं उचललं आणि बैलगाडीत घालून लोह्याला आणलं.

बायकोनं ते उलटंपालटं करून पाहिलं. "अहो, ह्याला खाली भोकं कशाला?"

"टेबलाला कसायला."

"कोणत्या टेबलाला?"

आमच्या घरात आजवर सगळे जमिनीवरच बसले, जेवले अन् लिहिलेही. शेवटी सुताराला बोलावून बाभळीचं टेबल करून घेतलं. त्यावर यंत्र घट्ट कसलं, काडतुसं भरली, रानात चार बार काढले. डुकरं हटली, ज्वारी घरात आली.

सुगी झाल्यावर बघतो तर यंत्र कोपऱ्यात काढून ठेवलेलं, आणि टेबलावर माझी पोरगी किताब उघडून अभ्यास करून राहिली.

"मग मी काडतुसं कुठं भरू?" मी बायकोला विचारलं.

"ते अडकित्त्यावानी यंत्र हाय की दुकानात," ती म्हणाली. "ते घेऊन या."