थोरला तूच

(डोंगरावरच्या एका प्राचीन इस्राएली गावाचं खळं. जवाची मळणी नुकती आटोपली आहे. योग्ली आणि पल्ती हे पन्नाशीचे जुळे भाऊ, आणि त्यांच्या वारलेल्या धाकट्या भावाची बायको हेला.)

योग्ली: म्हणून मी म्हणतो, हेला, यात बोलण्यासारखं काही उरलेलंच नाही. भावाचा मुलगा परक्याच्या घरी गुलाम झाला, तर त्याला सोडवून आणायचं काम थोरल्या काकाचं. बापजाद्यांची रीत आहे ही. आणि थोरला हा इथे बसलाय. पल्ती.

पल्ती: थोरला तू.

योग्ली: मी? माझ्या तोंडावरून तरी वाटतं का?

पल्ती: पोटावरून वाटतं.

हेला: थांबा जरा दोघं. या घरात मी सून म्हणून आले त्याला बावीस वर्षं झाली. माझ्या लग्नाच्या पंगतीत तुम्ही बोकडाच्या एका मांडीवरून भांडत होतात. थोरल्याचा मान म्हणून. मी नवी नवरी, मला वाटलं आता ताटं फेकतात की काय.

पल्ती: मांडी कोवळी होती.

हेला: मामंजी गेले तेव्हा थोरल्याला दुप्पट वाटा म्हणून दोघांनी वेशीतल्या पंचांचं डोकं खाल्लं. चार वर्षं. शेवटी सगळ्यात म्हातारे पंच म्हणाले, मी मरतो, मग तुमचं तुम्ही बघा. आणि खरंच मेले.

पल्ती: त्यांना खोकला होता.

योग्ली: तेव्हा माझी चूक झाली, कबूल करतो. अंगात रग होती. आता वय झालं, शांतपणे विचार केला, तेव्हा पटलं की पल्तीच थोरला. आई कायम त्याला आधी पाजायची.

पल्ती: मी जास्त रडायचो म्हणून. धाकटी पोरंच जास्त रडतात.

हेला: वा. आयुष्यभर थोरलेपणासाठी जीव टाकलात आणि आज दोघांपैकी एकही थोरला व्हायला तयार नाही. माझा शिफ्तान खाली सपाटीवर त्या तेलाच्या व्यापाऱ्याकडे खितपत पडलाय. दुष्काळात घरात दाणा नव्हता, तेव्हा आईला खायला मिळावं म्हणून स्वतःला विकलं पोरानं. परवा तो व्यापारी तांडा घेऊन समुद्राकडे निघतोय आणि पोराला बरोबर नेतोय. एकदा गलबतात बसवला की झालं. मग कुठला थोरला आणि कुठला धाकटा.

योग्ली: तो मागतोय काय?

हेला: एक धट्टाकट्टा बैल. बैल द्या, पोरगा न्या.

पल्ती: बघ. म्हणूनच म्हणतो.

हेला: काय म्हणूनच?

पल्ती: आमची एकच जोडी. त्यातला एक माझा, एक याचा.

हेला: आत्ता कळलं. म्हणजे गाडी रीतीपाशी नाही, बैलापाशी अडलीय.

पल्ती: मला वाद नको. ही घे, योग्ल्या, माझी वहाण. वहाण काढून दिली की हक्क सोडला, ही आपली रीत. सोडवायचा हक्क मी तुला दिला. मी बाजूला झालो. हेला बघतेय.

योग्ली: लबाडा. वहाण काढायचं मला सुचायच्या आत काढलीस. मग ही माझी घे. मीही बाजूला झालो.

पल्ती: मी आधी दिली.

योग्ली: म्हणजे आधी जन्मलेला तूच. प्रत्येक गोष्टीत आधी.

हेला: काय पण ध्यान दिसतंय. दोघांच्या हातात एकमेकांची वहाण आणि दोघांचा एक-एक पाय कुसळांवर. द्या इकडे त्या दोन्ही.

योग्ली: तुला कशाला?

हेला: वेशीत नेते. पंचांपुढे ठेवते आणि सांगते, दोन्ही काका बाजूला झाले. मग रीतीप्रमाणे पाळी पुढच्या नात्याची. ओढ्यापलीकडच्या शिम्रीची.

पल्ती: कुणाची?

हेला: तुमचा सख्खा चुलतभाऊ नाही का शिम्री. काल विहिरीवर भेटला होता. म्हणाला, वहिनी, तुम्ही नुसता शब्द टाका, बैल मी देतो.

पल्ती: म्हणेलच तो. गेल्या साली एका विधवेला शेळी दिली, अजून गावभर सांगत फिरतोय. शेळी म्हातारी होऊन मेली, याचं सांगणं काही संपत नाही.

योग्ली: शेळीचं सोड. उद्या सणाच्या पंगतीत आपल्या शेजारी बसेल आणि म्हणेल, या घरातलं पोर मी सोडवलं. त्याची नातवंडं आपल्या नातवंडांना सांगतील. हेला, कुठे निघालीस? अगं, उभी राहा.

हेला: ऊन चढायच्या आत वेशीत पोचते.

पल्ती: हेला, वहाण दे.

हेला: हक्क सोडला म्हणालात ना?

योग्ली: कायदा असा आहे की साक्षीला दोघं लागतात. इथे तू एकटी. दुसऱ्या साक्षीदाराशिवाय वहाण म्हणजे नुसती वहाण. चल, दे. पाय भाजतोय माझा.

हेला: घ्या. पण घातलीत की खाली उतरायचं.

योग्ली: उतरतो. पण बैल गेला तर पेरणीला दुसरा एकटा काय करणार?

पल्ती: शेजारी गाढव जुंपू.

योग्ली: बैल आणि गाढव एका जुवाखाली? देवानं मना केलंय ते.

हेला: तुम्हा दोघांना पन्नास वर्षं एका जुवाखाली जुंपलंय. कुणी हरकत घेतली नाही.

पल्ती: यात गाढव कोण?

योग्ली: जो विचारतो तो.

हेला: माझ्या पोटात दुखायला लागलं हसून. अहो, शिफ्तान घरी आला की कुदळीनं रान उकरेल. तुमच्या त्या बैलापेक्षा जास्त उकरेल.

पल्ती: ठरलं तर. माझा बैल नेऊ.

योग्ली: तुझा का?

पल्ती: मी थोरला.

योग्ली: बरं आठवलं तुला. थोरला मी आहे, हे सगळ्या गावाला माहीत आहे. आईनं मला आधी पाजलं.

पल्ती: आत्ताच म्हणालास मला पाजलं.

योग्ली: तेव्हा बैलाचा विचार करत होतो.

हेला: झालं परत सुरू. असं करा, दोन्ही बैल घेऊन दोघंही चला. व्यापाऱ्याला जो पसंत पडेल तो त्याचा. मग देणारा कोण, यावर जन्मभर भांडा. मी भाकऱ्या बांधते, अंजिरांची ढेपही घेते. आजच निघू.

पल्ती: हेला.

हेला: आता काय?

पल्ती: पोरगं रागावलं असेल ना? दोन उन्हाळे झाले. अर्ध्या दिवसाची वाट. आम्ही एकदा खाली उतरलो नाही.

योग्ली: मला वाटायचं, हा जाऊन येईल.

पल्ती: मला वाटायचं, तू जाशील. लाज वाटते आता त्याच्यासमोर उभं राहायची.

हेला: रागावले होते मी. खोटं कशाला बोलू, तुम्हा दोघांना मनात इतक्या शिव्या घातल्यात की पंचांनाही सांगता यायच्या नाहीत. पण तो नाही रागावला.

योग्ली: तुला काय माहीत?

हेला: तांडा निघणार असा निरोप घेऊन माझ्याकडे एक माणूस आला होता, तो शिफ्तानबरोबर तेलाच्या घाण्यावर असतो. तो सांगत होता. तिथे सगळे आपापल्या माणसांची वाट बघत असतात. एकाचा मामा येणार होता, आलाच नाही. तो रडत होता आणि शिफ्तानला म्हणाला, तुझंही कुणी येणार नाही बघ. तर शिफ्तान म्हणाला, माझं तसं नाही, मला दोन काका आहेत.