डोमेनवाल्याचं गोत

मंग माह्यं काय चुकलं, तुम्हीच सांगा जी! सारं इचारलं होतं मी त्याले. कोणत्या तांड्याचा, गोत कोणतं, मामाचं गाव कोणतं, वावर ओलिताचं का कोरडवाहू... सारं इचारलं! बँकवालेही एवढं इचारतात का?

तुम्हाले सांगतो, आमची मंडळी, म्हणजे ममता, अन् बोरी अरबजवळच्या आमच्या तांड्यातल्या बाया कशिद्याच्या पिशव्या बनवतात. आरसे, कवड्या, सारं हातचं. पोट्टी खुशी पुण्यात शिकते, ते म्हणे, बाबा, आईची वेबसाइट काढा. पण साइटीचं नाव, त्याले डोमेन म्हणतात, ते रजिस्ट्रारकडून घ्या लागते, दरसाल त्याचं भाडं भरा लागते. अन् बजावलं तिनं, रजिस्ट्रार मान्यतेचा पाहा, पुढच्या साली भाडं किती वाढवते ते इचारा, सोडून जायचं झालं तं जाऊ देते का ते इचारा, अन् नाव आपल्याच नावावर करा. मी म्हटलं, हाव बाई, हाव! पण ज्याचं तोंड पाह्यलं नाही, त्याच्या हाती तुह्या मायचं नाव देऊ? आपला माणूस पाहतो मी!

तं यवतमाळात भेटला अंकुर, साइटी अन् डोमेन काढून देणारा. दुकानात एसी, तोंडात आपली बोली. मी राठोड, तो चव्हाण, दोघंही तांड्याचेच, गोत तेवढं निराळं. मंग काय पाह्यता! बहीण कुठं दिली, आजोबा तांड्याचे नायक होते का... सारं इचारलं! तोही सांगत गेला, लाजत लाजत. आता डोमेनवाला लाजते कायले, हे तवाच समजा लागत होतं मले!

म्हणे, "मामा, तुम्ही चहा घ्या, नावाचं मी पाहतो." पाह्यलं लेकानं. सोताच्याच नावावर केलं!

इकडे बायांनी डोळे फोडून हरेक पिशवीवर धाग्यानं साइटीचा पत्ता काढला. अन् साल भरलं तसं, नागपूरच्या प्रदर्शनाच्या तोंडावर साइट बंद! भाडं थकलं म्हणे. अंकुर फोन उचलत नाही. ममता पत्त्याचे धागे उसवत बसली... मले रडू आलं जी, खरंच आलं.

भांडालेच गेलो त्याच्या तांड्यावर. तं त्याच्या बापानं गळ्यातच घेतलं! पाणी, पाट, जेवण... मी म्हणतो नाव द्या, तो म्हणते पोरगी कवा दाखवता? घ्या! मी डोमेनवाला पारखत होतो, अन् यायनं सोयरिक समजली! अंकुर कोपऱ्यातून म्हणते, मामा, घरातलंच नाव, म्हणून भाडं भराचं राहून गेलं. अन् फोन? उचलाची लाज वाटे म्हणे. सासऱ्याशी बोलावं कसं!

शेवटी खुशीले सांगितलं. तिनं गोत नाही, वावर नाही, काहीच इचारलं नाही. फोन लावला अन् म्हणली, "भाडं भर, नाव आईच्या नावावर कर, मंग बोल." संध्याकाळी साइट सुरू! नाव ममताच्या नावावर! मी म्हटलं, सुटलो बापा.

तं काल पोट्टीचा फोन. "बाबा, पोरगा भोळा आहे, पण सांगितलं तं ऐकते. पाहाले काय हरकत आहे?"

ऐका! नाव आलं घरी, अन् पोरगी चालली... ज्याच्यानं एक डोमेन सांभाळल्या गेलं नाही, त्याच्या घरी! अन् नाही म्हणू तं कोणत्या तोंडानं म्हणू जी? मागणं घालाले तं मीच गेलतो!