माझी चौकशी करायला आलेला माणूस

आता तुम्हीच सांगा, दाराचा फोटो कोण काढतं? माणसांचे काढतात, मांजरांचे काढतात, पण दाराचा? मी भाजीची पिशवी घेऊन जिना चढतेय आणि वर आमच्या दारासमोर एक राखाडी शर्टातला माणूस, मोबाईल धरून, घराच्या नंबराचा फोटो काढतोय... दुसरी एखादी असती तर तिने सरळ विचारलं असतं, काय हो, कोण पाहिजे? पण मी, तुम्हाला सांगते, कुकरच्या शिट्टीलाही दचकणारी, त्यात डोक्यात हेरकथा, मी आल्या पावली खाली उतरले आणि तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या काकूंच्या मशीनखाली जाऊन बसले.

हेरकथा म्हणजे त्यातही पळणाऱ्या माणसाच्याच. एकटा जीव, खिशात खोटं ओळखपत्र आणि मागे अख्खी सरकारं! लोकांना वाटतं मला पाठलाग आवडतो. छे हो, मला जिना चढताना धाप लागते. मला आवडतं ते हे, की त्याला कोणीतरी शोधतंय. मी लग्नाच्या हॉलमध्ये हरवले तर घरचे जेवून, पान खाऊन घरी येतील आणि मग म्हणतील, अगं, ही कुठे राहिली? पळणाऱ्या माणसाचं बरं असतं हो.

तर काकूंना म्हटलं, तो आला तर मी इथे राहत नाही म्हणून सांगा. काकूंच्या तोंडात टाचण्या, त्यांनी नुसती मान हलवली. आणि तो आलाच की. अगदी अदबीने विचारतो, वरची मुलगी किती वर्षं राहतेय, वागायला कशी आहे... काकूंनी एकेक टाचणी काढली. "होती एक. गेली पळून."

पळून! मी राहत नाही म्हटलं होतं, पळून कुठे म्हटलं होतं? पण मशीनखाली मी खूश. सुटले म्हटलं.

संध्याकाळी आईला सगळं रंगवून सांगितलं. ती भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला. "नोकरी पक्की करायच्या आधी चौकशीला माणूस पाठवू, असं ते म्हणाले होते ना गं?"

म्हणाले होते. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेतली नोकरी, आईने ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना सांगून ठेवलेली. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी मला शोधत दारात आलं, आणि मी कुठे, तर मशीनखाली! आई रागावली असती तर परवडलं असतं. तिने माझ्यासाठी शिवून घेतलेला पांढरा कोट खुंटीवरून काढला, घडी घातली आणि कपाटात खाली ठेवला. वर काकू येऊन विचारून गेल्या, "बरोबर बोलले ना मी?" पळणाऱ्या माणसाचं बरं असतं हो, त्याला शेजार नसतो.

सकाळपासून प्रयोगशाळेच्या ऑफिसात फोन लावतेय. रिंग जाते, उचलत कोणी नाही. साहेब, ती मुलगी मीच, पळालेले नाही, घरीच आहे... वाक्य घोकून घोकून गुळगुळीत झालंय. आई शेजारी उभी, कोरडे हात पुन्हा पुन्हा पुसतेय. आणि उचलला हो एकदाचा!

"हॅलो, कोण बोलतंय?"

तुम्हाला सांगते, मी दचकले. आणि माझ्या तोंडातून जो जाडाभरडा बाप्याचा आवाज निघाला, तो म्हणाला, "राँग नंबर."

फोन केलेला मीच, आणि राँग नंबरही मीच.