डिकीतली पिवळी साडी

जगदेवराव : धक्का मारायचा नाही म्हणजे नाही, कुमुद. ही ऑटोमॅटिक आहे. धक्क्याने चालू होत नसते.

कुमुदिनी : मग कशाने होते? ओवाळू का हिला?

जगदेवराव : बॅटरी उतरली आहे. मेकॅनिकला फोन लावला होता.

कुमुदिनी : काय म्हणाला?

जगदेवराव : गाडी कम्प्यूटरला जोडून बघावी लागेल म्हणाला. आणि आज रविवार.

कुमुदिनी : मागच्या खेपेला जोडली होती की! नुसतं बघायचे एवढे पैसे घेतले, तेवढ्यात आपल्या जुन्या गाडीचं इंजिन खोलून झालं असतं. आणि निघालं काय? सेन्सर खराब झालाय हे सांगणारा सेन्सर खराब झाला होता.

जगदेवराव : जर्मन लोकांचं काम बारीक असतं.

कुमुदिनी : बिल मात्र चांगलं जाडजूड असतं. भोपाळचा तो डॉक्टर ही जुनी गाडी विकून तुमच्या हातात किल्ली देताना हसत होता, आणि तुम्ही म्हणालात, काय हसतमुख माणूस आहे!

जगदेवराव : गाडी मी माझ्या हौसेसाठी घेतली का? गरिमाचे वडील असते तर त्यांनी तिची पाठवणी थाटात केली असती. आता मामा म्हणून मीच आहे. पोरगी भाड्याच्या गाडीतून सासरी जाणार नाही, असा शब्द दिलाय मी तिला.

कुमुदिनी : शब्द नंतर बघू. आधी लग्न लागू दे. शेजारच्यांची गाडी आणा, तार जोडा.

जगदेवराव : नको! कम्प्यूटर जळाला तर तो गाडीपेक्षा महाग पडतो म्हणे.

कुमुदिनी : बरं, राहिलं. साडी काढा डिकीतून. माझ्या स्कूटीवर जाऊ. मामाची पिवळी साडी नेसल्याशिवाय नवरी गौरीहराला बसायची नाही, आणि मामाने हात धरून नेल्याशिवाय बोहल्यावर जायची नाही. तिकडे सगळं आपल्यापायी अडलंय.

जगदेवराव : कुमुद…

कुमुदिनी : काय?

जगदेवराव : डिकी उघडत नाहीये.

कुमुदिनी : म्हणजे?

जगदेवराव : बटणाची आहे. बॅटरी नाही, तर बटण नाही.

कुमुदिनी : अहो, किल्लीने उघडत असेल ना?

जगदेवराव : ती वेगळी किल्ली असते. डॉक्टरने दिलीच नाही. मागवली तर दीड महिन्यात येते.

कुमुदिनी : दीड महिना! मुहूर्त दीड तासावर आलाय! हे घ्या, तिचाच फोन आला. तुम्हीच सांगा आता. स्पीकरवर ठेवा.

गरिमा : मामा, कहाँ हो आप लोग? गुरुजी दोन वेळा विचारून गेले. मी पार्लरवालीच्या गाऊनमध्ये बसलेय इथे.

जगदेवराव : निघतोच आहोत बेटा. जरा बॅटरी…

गरिमा : उतर गई? कशी काय? तुम्ही तर गाडी चालवतच नाही!

कुमुदिनी : चालवतात कुठे! रोज संध्याकाळी पोर्चमध्ये तिच्यात जाऊन बसतात. दिवे लावून, गाणी लावून. चहा मी खिडकीतून देते.

जगदेवराव : चालवली की काहीतरी नवीन निघतं. बसायला काय खर्च आहे?

कुमुदिनी : काल साडी ठेवायला गेले ते तिथेच जेवले. ताट नेऊन दिलं मी. अख्खी हरिशंकरपुरम कॉलनी बघून गेली.

गरिमा : हसवू नका मामी, काजळ पसरेल. सुनो, साडी कुठंय?

जगदेवराव : डिकीत. आणि डिकी उघडत नाही. मला फार लाज वाटतेय गं.

गरिमा : टेन्शन नका घेऊ. मागच्या सीटच्या मध्ये हात टेकायचं असतं ना, ते खाली पाडा. त्याच्यामागे झाकण आहे, ते डिकीत उघडतं.

जगदेवराव : तुला कसं माहीत?

गरिमा : अपूर्वकडे सेम गाडी होती. विकली त्याने. क्यों, ये मत पूछो.

कुमुदिनी : बघा! आपले जावई शहाणे निघाले. सापडलं का झाकण?

जगदेवराव : सापडलं. खांद्यापर्यंत हात गेलाय. साडीचं तबक लागतंय… पण ते भोकातून येत नाही.

कुमुदिनी : तबक मरू दे. साडी ओढा.

जगदेवराव : पदर आला! पण घडी मोडतेय गं.

कुमुदिनी : मोडू दे. ओढत राहा. नऊवारी आहे, संपेल कधीतरी.

गरिमा : मामी, व्हिडिओ काढा ना प्लीज!

कुमुदिनी : तू फोन ठेव. अहो, फेटा सांभाळा. आली? सगळी आली? द्या इकडे. चला, बसा मागे.

जगदेवराव : मी चालवतो.

कुमुदिनी : तुम्ही नुसते बसा. त्याची सवय आहे तुम्हाला.

(सिटी सेंटर भागातला लग्नाचा बगीचा. साडी नेसून, गौरीहर पुजून गरिमा उठली आहे.)

जगदेवराव : फार चुरगळली गं साडी. आणि डिकीचा वासही येतोय.

गरिमा : येऊ दे. फोटोत वास थोडीच येतो!

कुमुदिनी : निऱ्या नीट बसल्यात हो. उगाच काळजी करू नका. मी अंतरपाटापाशी जाते.

जगदेवराव : गरिमा, पाठवणीला आता भाड्याचीच गाडी बोलवावी लागेल. माझा शब्द गेला. मनाला फार लागलंय माझ्या.

गरिमा : मामा, मी त्या गाडीतून गेले असते तर रस्त्यात उतरून धक्का मारावा लागला असता. शालूत.

जगदेवराव : ऑटोमॅटिकला धक्का…

गरिमा : माहितेय.

जगदेवराव : चल बेटा, हात दे. गुरुजी बोलावतायत.

गरिमा : मामा…

जगदेवराव : काय गं?

गरिमा : हळू चला ना.

जगदेवराव : का? साडी पायात येतेय का?

गरिमा : नाही. बोहलं फारच जवळ मांडलंय ह्यांनी.