दोन कॉम्प्युटर आन एक कार्यालय

कॉम्प्युटरचं कौतुक माझ्यापुढं सांगू नका, टाळकं फिरतं! भिगवणच्या एका मंगल कार्यालयाचं बुकिंग बारामतीत आन इंदापुरात, दोन्हीकडं व्हायचं. मालकानं दोन्हीकडं कॉम्प्युटर बसवून फोनच्या तारेनं जोडले. एकीकडं तारीख घेतली की दुसरीकडं दिसायची म्हणं.

बहिणीच्या लग्नाची तारीख आमी बारामतीत घेतली. वऱ्हाड घेऊन पोचलो, तर बोहल्यावर दुसरीच नवरी! तिच्या घरच्यांनी तीच तारीख इंदापुरात घेतलेली.

मालक म्हणतो, "तुमी दोघांनी तारीख घेतली त्या दिवशी फोन बंद हुता. गिऱ्हाईक माघारी कशाला धाडायचं, म्हणून दोन्हीकडं काम चालू ठेवलं. दोन्ही कॉम्प्युटर आपापल्या जागी बरोबर हायत."

आमचे वडील, तात्या, कडाडले, "मग कार्यालयंबी दोन बांधायची हुतीस की!"

लग्न शेवटी पलीकडच्या शाळेच्या पटांगणात, भर उन्हात लागलं.

पुढच्या साली धाकट्या भावासाठी बारामतीत गेलो. मालक हसून म्हणाला, "आता घोळ न्हाय. फोन बंद असला, की बुकिंगच बंद."

"बरं, आमची तारीख लिवा."

"आज फोन बंद हाय."

तात्या ताडकन उठले. "चल रं! शाळेच्या पटांगणाला कॉम्प्युटर न्हाय!"