सदतीस जणींचा फोटो

शिकलेल्या माणसाला भागाकार येतोच असं समजू नका, बायांनो. हिंगोलीकडच्या गोरेगावात मी साक्षरता वर्ग घ्यायचे. मी शाळेत गेले नाही, अक्षरं मोठेपणी शिकले, पाढे मात्र शेळ्या राखता राखता पाठ केलेत. वर्ग संपला तेव्हा हिंगोलीहून एक साहेब आले. आम्ही माझ्यासकट सदतीस बाया. साहेब म्हणाले, "सारख्या रांगा करा, फोटो वर पाठवायचाय."

दोन रांगा केल्या, एक बाई उरली. तीन केल्या, एक उरली. चार केल्या, तरी एक. दर वेळी उरायची गंगूबाई, कारण गुडघे धरून ती सगळ्यात शेवटी पोचायची. फोटोसाठी लेकीचं नवं लुगडं नेसून आली होती बिचारी.

साहेब वैतागले. "त्या आजींना बाजूला बसवा. छत्तीस बरोबर बसतात."

गंगूबाई खरंच निघाली. मी तिचा हात धरला.

"सायेब, काहून तकलीफ घेऊन राहिले? दोनापासून तीसपर्यंत सगळे पाढे म्हणा, सदतीस कुठंच सापडायचा न्हाई."

साहेबांनी मोबाइलवर बोटं मारली, पुसली, पुन्हा मारली.

"मग करायचं काय, आजी?"

"सगळ्यांची एकच रांग. तिच्यात कोणीच उरत न्हाई."

शाळेच्या भिंतीला लागून आम्ही उभ्या राहिलो, मधोमध गंगूबाई. साहेबांना मध्ये जागा कोणी दिली नाही, ते टोकाला गेले. शिपायाने मागे सरकत सरकत फोटो काढला.

फोटोत सदतीसच्या सदतीस बाया आल्या. साहेबांचा आला फक्त एक कान. पिळायला तेवढा पुरे.